बसून ऐकायचं गाणं

आखाड लागला की आमच्या सोप्यात लाल कोट वाळत पडायचे. लग्नाच्या तिथी संपलेल्या, बँडवाले रिकामे. सगळ्यांचे कोट धुवायला आमच्याकडंच यायचे, कारण मास्तर आमचे. मास्तर म्हणजे माझा नवरा. शाळेतला नव्हे, बँडातला. सॅक्सोफोन वाजवायचा. मी ते कोट बादलीत भिजत घातले की गुलाल, घाम आणि कोटाचा सुटणारा रंग मिळून पाणी इतकं लाल व्हायचं की शेजारीण वाकून विचारायची, "काय गं, बोकड कापलास का काय?" पाऊस काही कोट वाळू द्यायचा नाही. घरभर ओल्या कुत्र्याचा वास. तरी मला ते दिवस आवडायचे. कोट घरात आले म्हणजे माणूस घरात आला.

यंदाही आखाड लागलाय. त्याच दोरीवर आता मास्तरांचे पायजमे आहेत आणि माझा एक गाऊन, जो वाळला काय आणि न वाळला काय, कुणाला फरक पडत नाही.

दमलेय मी. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी विचारायला नको. मोठ्या साथीत मास्तर दवाखान्यातनं परत आले, पण अर्धेच आले. अर्धा श्वास तिकडंच राहिला. तेव्हापासून मी त्यांना उठवते, बसवते, गरम पाणी देते, आणि ते गप्प बसतात. दवाखान्यातनं एक प्लॅस्टिकचं खेळणं मिळालंय. तीन नळकांड्या, त्यात तीन निळ्या गोळ्या. नळी तोंडात धरून श्वास ओढायचा, की गोळ्या वर चढतात. ज्या माणसानं भर उन्हात अख्खी वरात फुंकून मिरवून आणली, त्याला पहिली गोळीसुद्धा उचलवत नाही. एकदा ओढून बघितलं, पहिली गोळी जरा हलली, आणि त्यांनी ते खेळणं देव्हाऱ्याखालच्या कोनाड्यात ठेवून दिलं. आजही तिथंच आहे. मी रोज त्यावरची धूळ पुसते.

डॉक्टर बाई चांगली आहे. म्हणाली, "काका, फुफ्फुसाला काम दिलं नाहीत तर ते आकसत जाणार. मग मशीन घरी आणावं लागेल. तुम्ही वाद्य वाजवत होता ना? मग तेच वाजवा. पण हळू वाजवा."

रिक्षात बसल्यावर मास्तर पहिल्यांदा बोलले. "हळू वाजवायला मी काय मयताला निघालोय व्हय?"

हे त्यांचं जुनं शास्त्र. हळू वाजवणारा बँड म्हणजे मयताचा बँड. वरात कशी, पळती पाहिजे. नवरदेवाचा घोडा थांबला तरी चालेल, बँड थांबता कामा नये. या शास्त्रापायी त्यांनी सॅक्सोफोनची पेटी कॉटखाली ढकलून दिली ती दिलीच. पळता येत नाही आणि हळू चालायचं नाही. मग काय, बसून राहायचं.

आखाडात आपली पेठ मात्र बसत नाही. गल्लोगल्लीतनं टेकडीवरच्या टेंबलाई देवीला नवं पाणी निघतं. नदीच्या नव्या पाण्याच्या घागरी डोक्यावर घेऊन बाया टेकडी चढतात, पुढं वाजप. पूर्वी पी ढबाक असायचं, म्हणजे सनई आणि ढोल. पी म्हणते सनई, ढबाक म्हणतो ढोल. कोल्हापूरकरांना नाव ठेवायला वेळ कुठला, जे ऐकू आलं तेच नाव. आता काही गल्ल्या ट्रॅक्टरवर स्पीकरची भिंत लावतात. परवा अशीच एक भिंत घरासमोरनं गेली. फडताळातल्या ताटल्या आपोआप वाजल्या, मास्तरांनी छातीवर हात ठेवला, आणि मला तो दुसरा आखाड आठवला. लग्नाला माझ्या दुसरंच वर्ष, आणि आमची लेक पल्लवी पोटात होती.

त्या आखाडात आमच्या माडीवर सॅम्युएल राहायला आला. घाना देशाचा. इथं इंजिनिअरिंग शिकायला आलेला. त्यानं देशाचं नाव प्रत्येकाला नीट सांगितलं होतं, पण पेठेनं त्याचं सरसकट 'आफ्रिका' करून टाकलं. त्याला खोली कुणी देत नव्हतं. "पावणं, खोली गेली की कालच," असं सगळीकडं अगदी गोड आवाजात सांगितलं जायचं, आणि दारावरची 'खोली भाड्याने' ही पाटी तशीच लटकत असायची. आमच्या दारात तो खोली मागायला आलाच नव्हता. आत मास्तरांची तालीम चालली होती, ती ऐकत तो चिखलात उभा होता. मास्तरांनी खिडकीतनं बघितलं, वाजवणं थांबवलं. तो म्हणाला, "रुको मत." झालं. खोली ठरली. भाड्याचं बोलायचंसुद्धा दोघं विसरले.

मग गल्लीत कुजबुज सुरू. सासूबाईंना बायका देवळात गाठून सांगायच्या, सून पोटुशी आहे आणि तुम्ही कुणाला घरात घेतलंय! सासूबाई ठसकेबाज. म्हणाल्या, "मग? माझ्या सुनंला दिसंल ते प्वार होत आसतं, तर रोज तुझं थोबाड बघून काय झालं आसतं?" हे ऐकून मी हसून हसून कोट पिळायचे सोडून खाली बसले होते. पण मनात एक गोष्ट सलायची. आमच्या कबनूरला माझ्या माहेरी, बाबा यंत्रमागावरनं घरी यायचे तेव्हा त्यांच्या केसांत, भुवयांत, कानात कापसाची पांढरी लव असायची. तो पांढरा माणूस एसटीत बसला की शेजारचा सरकून बसायचा. सरकून बसणं काय असतं ते मला रंगाशिवायही माहीत होतं.

आता टेपचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. बँडवाले गाणी कागदावरनं शिकत नाहीत, ऐकून शिकतात. आमच्या घरी एक मोठा टेप होता, आणि तो मास्तरांनी मुद्दाम पळता करून घेतला होता. मोटरच्या पाठीत एक बारीक स्क्रू असतो, तो पिळला की टेप जोरात फिरतो. सिनेमातलं गाणं निवांत असतं, वरातीला निवांत चालत नाही. मग ते शिकताना तरी निवांत कशाला शिका? आमच्या घरात प्रत्येक गाणं पळतच यायचं. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, कोल्हापूरचे लोक गाणीसुद्धा तावातावानंच म्हणतात. नंतर सवय झाली. अंगाईसुद्धा त्या टेपवर ऐकली असती तर पोरगं उठून नाचलं असतं.

सॅम्युएलचा स्वतःचा टेप प्रवासात मोडला होता. म्हणून त्यानं त्याची एकुलती एक कॅसेट खाली आणली. कव्हरवर डोक्यावर टोपली घेतलेली एक बाई, आणि तिच्या मागं सॅक्सोफोन धरलेला माणूस. त्याच्याच देशातल्या लोकांनी केलेली होती. "हमारे गाँव का ढोल, अमेरिका का बाजा," असं तो सांगायचा. मास्तरांनी कॅसेट घातली, बटण दाबलं, आणि आमच्या पळवलेल्या टेपनं ती पळवली.

काय सांगू! पहिल्यांदा ढोल आले. एक नाही, तीन-चार, एकमेकांना न विचारता बोलणारे आणि तरी भांडण न होणारे. त्यांच्या खाली एक जाड तार ठुम्म ठुम्म करत चाललेली. मग बाया एका सुरात काहीतरी म्हणाल्या आणि सॅक्सोफोन त्यांना उत्तर द्यायला लागला. दस्तगीरभाऊ पायरीवर बसून चहा पीत होते. दस्तगीरभाऊ म्हणजे मास्तरांचे बँडातले जोडीदार. ढोल ताशा हलगी, कातडं ताणलेलं जे काही असेल ते वाजवणारे. त्यांनी कप खाली ठेवला. "मास्तर, ह्यो ढोल आपल्यातला हाय की!" म्हणाले आणि माझं परातीसकट पीठ बाजूला सारून पाटावर वाजवायला लागले. मला तर दुसरंच ऐकू आलं. मला कबनूरच्या शेडमधले माग ऐकू आले. शंभर माग एकदम चाललेले, प्रत्येकाची चाल निराळी, आणि तरी सगळ्यांची मिळून एक चाल. त्या आवाजात बाबा वीस वर्षं उभे राहिले होते.

सॅम्युएल मात्र कपाळाला हात लावून हसत होता. "वैनी," तो मला म्हणाला, "ये गाना बैठनेवाला है. तुम लोगों ने खडा कर दिया."

मी विचारलं, "म्हणजे काय रे?"

त्यानं मोडक्या हिंदीत समजावलं. त्याच्या गावात संध्याकाळी हे गाणं लागलं की उभी माणसं बसतात. कामावरनं आलेली असतात. गाण्यातला बाप खाणीतनं घरी येतो, त्याची पोर विचारते, माझ्यासाठी काय आणलंस? तो म्हणतो, हात आणलेत. दोन्ही आणलेत. इतकंच. मग बाया म्हणतात, हात आले, हात आले. बाकीच्या गाण्यांतही असलंच काय काय होतं. पाण्याचा नळ कुणाच्या दारात आहे आणि कुणाच्या नाही, सोनं कुठनं निघतं आणि कुठं जातं. मला रडू आलं, पण ते दिवसच तसे होते, तेव्हा मला भेंडी जळाली तरी रडू यायचं. माझ्या धाकट्या काकाचं बोट मागात गेलं होतं. आई रोज संध्याकाळी बाबा आले की आधी त्यांचे हात बघायची.

मास्तरांना अर्थाशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी ती चाल उचलली आणि टेंबलाईच्या पाण्याला वाजवायची ठरवली. आखाडभर तालीम. गाण्यात मध्ये मध्ये मोकळ्या जागा होत्या, जिथं सॅक्सोफोन थांबतो आणि नुसते ढोल चालतात. मास्तर म्हणाले, इथं पोरांनी शिट्ट्या मारायच्या. ठरलं. मी वरण ढवळत ती चाल गुणगुणायची आणि पोटात पल्लवी लाथा मारायची. ती अजून म्हणते की तिला ताल पोटातच आला. आला असेल. स्वयंपाक काही आला नाही.

पाणी निघालं त्या दिवशी झिमझिम पाऊस होता. डोक्यावर घागर घेऊन मी अर्ध्या वाटेपर्यंतच गेले, पुढं सासूबाईंनी घेतली. पुढं मास्तर, ते धुतलेले कोट, आणि ते गाणं. पेठेनं असलं काही कधी ऐकलं नव्हतं, पण पायांना ओळख करून द्यावी लागली नाही. ज्या बाईनं देवळात सासूबाईंना गाठलं होतं, तीच घागर दुसरीच्या डोक्यावर देऊन फुगडी घालायला पुढं आली. सॅम्युएल गर्दीत होता. नाचत नव्हता, नुसता चालत होता, तोंडानं गाण्याचे शब्द म्हणत. कुणीतरी त्याच्या गालाला गुलाल फासला. त्याच्या रंगावर गुलाल इतका सुंदर दिसला की मी घागर सांभाळायची सोडून बघत राहिले आणि सासूबाईंनी मला कोपर मारलं.

वाटलं, चला, गल्ली सुधारली. कसलं काय. एका दिवसाच्या गुलालानं गल्ली धुऊन निघत नाही. पुढच्या आठवड्यात त्याच्या मित्राला, तोही तिकडचाच, त्याच गल्लीत खोली मिळाली नाही. "पावणं, गेली की कालच." तेव्हा मला फार राग आला होता. आता राग येण्याइतकीही ताकद राहिली नाही. आता नुसतं कळतं, आणि कळून आपण पुन्हा कणीक मळायला लागतो.

सॅम्युएल शिक्षण झाल्यावर गेला. जाताना कॅसेट देऊन गेला, आणि मास्तर पुढं कितीतरी वर्षं ती चाल वरातीत वाजवत राहिले. कोल्हापुरातल्या किती नवरदेवांची वरात खाणीतनं थकून आलेल्या बापाच्या गाण्यावर नाचली, ते त्या नवरदेवांना ठाऊक नाही. मग टेप गेला, मग वराती भिंतींच्या मागं गेल्या, मग बँड गेला, आणि शेवटी श्वास.

काल पल्लवी आली. पुण्यात असते. आल्या आल्या तिनं कोनाड्यातलं ते खेळणं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. दुपारी फडताळ आवरताना तिला ती कॅसेट सापडली. कव्हर पिवळं पडलंय, टोपलीवाल्या बाईचा चेहरा गेलाय, पण नाव वाचता येतं. तिनं फोनवर नाव टाकलं. चहाला आधण येईपर्यंत सापडलंसुद्धा. जगात काही हरवायची सोय राहिलेली नाही.

"बाबा, हे ऐका," म्हणाली.

दस्तगीरभाऊही होते. ते रोज दुपारनंतर येतात, मास्तरांशेजारी बसतात, दोघं मिळून रस्ता बघतात आणि दिवेलागणीला उठून जातात. पल्लवीनं फोन त्यांच्यामध्ये ठेवला.

ढोल आले. तेच ढोल. पण सावकाश. प्रत्येक ठोका पाय रोवून, मग पुढचा. जाड तार खालनं चाललेली, ओझं घेऊन चढ चढणाऱ्या माणसासारखी. मग बाया आल्या, आणि त्यांचे आवाज इतके खालचे, इतके भरलेले, की मला पहिल्यांदा कळलं, त्या पोरी नव्हत्या. माझ्या वयाच्या बाया होत्या. आमच्या टेपनं त्यांना पळवून पोरी केलं होतं. आणि मग सॅक्सोफोन. तो वरातीचा नव्हताच. तो दिवसभराचं काम करून, चप्पल काढून, उंबऱ्यावर टेकलेला होता. मी उभी होते ती चुलीपाशीच खाली बसले. माझ्या आईसारखं त्याच्या हातांकडं बघावं, असं वाटलं.

ती मोकळी जागा आली, जिथं आमची पोरं शिट्ट्या मारायची. तिथं कुणी शिट्टी मारत नव्हतं. तिथं वाजवणाऱ्यानं श्वास घेतलेला ऐकू येत होता. खरोखर ऐकू येत होता, घसा खरवडत आत जाणारा. मग तो पुढची ओळ वाजवायचा.

गाणं संपलं. मास्तर म्हणाले, "परत लाव."

परत लावलं. दस्तगीरभाऊंची बोटं खुर्चीच्या दांड्यावर हलायला लागली. "मास्तर," ते म्हणाले, "आपुन ह्येला लई पळीवलं की वो."

"व्हय की," मास्तर म्हणाले. "आरं, पर मयताचं न्हाय ह्ये. दमल्यालं हाय, पर जित्तं हाय."

मी हे ऐकलं आणि उठले. गुडघा कटकन वाजला. सरळ आत गेले, कॉटखाली वाकले आणि सॅक्सोफोनची पेटी ओढून बाहेर आणली. दर आखाडात वाद्यं उघडून पुसायची, तेल लावून ठेवायची, ही आमच्या घरची रीत. कुणी वाजवो न वाजवो, मी ती पाळलीय. मास्तर दुपारी झोपले की पाळलीय. त्यामुळं पितळ काळं पडलं नव्हतं. मला वाटलं, आता ओरडणार. पण त्यांनी पेटी मांडीवर घेतली, तोंडाला लावायची वेताची पत्ती शोधली, जिभेवर ठेवून ओली केली, जशी पूर्वी करायचे. सॅक्सोफोन उचलून पत्ती बसवली आणि त्याच्या बटणांवर हात ठेवले. दोन्ही हात. मी बघत राहिले.

पल्लवीनं तिसऱ्यांदा गाणं लावलं.

पहिला सूर फुटका आला, निव्वळ हवाच. दुसरा जरा जमला. मास्तर थांबले, खोकले. फोनवरचं गाणं पुढं निघून गेलं, पण दस्तगीरभाऊंनी खुर्चीच्या दांड्यावर तोच ठेका धरून ठेवला, सावकाश, मास्तर येतील तेव्हा येतील अशा बेतानं. मास्तर आले. ओळ अर्धी वाजली. छाती वर आली, खाली गेली. आणि नेमकी तिथंच ती मोकळी जागा आली, आणि त्यांनी त्या जागेत श्वास घेतला. मोठा, आवाज करत. जणू ती जागा कुणीतरी परदेशात बसून, वर्षांपूर्वी, याच माणसासाठी ठेवून दिली होती. मग पुढची ओळ.

बाहेरनं दुसऱ्या गल्लीचं पाणी चाललं होतं, त्यांची स्पीकरची भिंत घुमत होती. फडताळातल्या ताटल्या पुन्हा वाजायला लागल्या. मास्तरांना ते ऐकूच येत नव्हतं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता, ओठांच्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या. मला राहवेना. पुढं होऊन मी त्यांचा खांदा धरला. "अवो, सावकाश," मी म्हणाले, "सावकाश वाजवा."

मास्तरांनी सॅक्सोफोन तोंडातनं काढला आणि माझ्याकडं बघितलं, किती दिवसांनी नीट बघितलं.

"अगं, सावकाशच हाय ह्ये," म्हणाले, आणि श्वास घेतला.